रक्त किती लागेल?

मणक्याचं ऑपरेशन ठरलं की रुग्णाच्या घरचे आधी खर्चाचं विचारतात, आणि पाठोपाठ विचारतात, "डॉक्टर, रक्त किती लागेल?" हा प्रश्न कोल्हापुरात विचारला जातो, तसाच कोलकात्याच्या बागबाजारातही. बागबाजार ही हुगळीच्या काठची जुनी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये इथून खंदक खणायला सुरुवात झाली होती. त्याची आठवण म्हणून 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली इथे अजून आहे. इथल्या माणसाला जवळचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकापलीकडचं आर. जी. कर. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे, त्या डॉ. राधागोविंद कर यांनी १८८६ मध्ये या संस्थेचा पाया घातला. १८९९ च्या प्लेगात बागबाजारच्या गल्ल्यांतून भगिनी निवेदितांबरोबर रुग्णसेवा करणारे डॉक्टर हेच.

रक्त हवं म्हटलं की या भागातले नातेवाईक रक्तदानाचं कार्ड शोधू लागतात. वस्तीतल्या क्लबांची रक्तदान शिबिरं होतात, तिथे दात्याला कार्ड मिळतं आणि ते दाखवून गरजेच्या वेळी रक्तपेढीतून पिशवी घेता येते. उन्हाळ्यात शिबिरं कमी पडतात, पेढीतला साठा आटतो आणि ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागतात. ज्या शहरात १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, देशातली पहिली रक्तपेढी सुरू झाली, तिथेही ही ओढाताण चुकलेली नाही.

रक्त आणायचं कुठून, याची चिंता सगळे करतात. जे रक्त अंगात आहे तेच ऑपरेशनमध्ये कमी जाईल अशी तजवीज करता येते का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. तशी तजवीज करता येते, आणि त्यासाठीचं एक औषध साठ वर्षांहून जुनं आहे. ते कसं काम करतं आणि कुठे जपावं लागतं, हे या प्रकरणात पाहू.

१. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त इतकं का जातं?

सगळ्याच ऑपरेशनांत जात नाही. सरकलेल्या चकतीचा छोटा तुकडा काढायचा असेल तर रक्तस्राव बहुधा शंभर मिलिलिटरच्या आसपास राहतो. पण तीन-चार मणके स्क्रू आणि सळ्यांनी जोडायचे असतील, क्षयाने पोखरलेला मणका साफ करायचा असेल किंवा मुलीच्या पाठीचा बाक सरळ करायचा असेल, तर एक लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जाऊ शकतं.

याची तीन कारणं आहेत. पहिलं कारण हाडाचं. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं आणि त्या जाळीत रक्त भरलेलं असतं. त्यात स्क्रूसाठी भोक पाडलं की चारी बाजूंनी पाझर सुरू होतो. फुटलेली रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधता येते, हाडाचा पाझर बांधता येत नाही.

दुसरं कारण शिरांचं. मज्जारज्जूच्या भोवती पातळ भिंतीच्या शिरांचं जाळं आहे आणि या शिरांना झडपा नाहीत. रुग्ण टेबलावर पालथा असतो. त्याचं पोट दाबलं गेलं की पोटातलं रक्त या जाळ्यात ढकललं जातं, शिरा फुगतात आणि जरा धक्का लागला की वाहू लागतात. म्हणून रुग्णाला छाती आणि कमरेच्या आधारावर असं झोपवतात की पोट मधल्या मोकळ्या जागेत लोंबतं राहील. रक्त वाचवण्याचा पहिला उपाय हाच, आणि त्याला औषध लागत नाही.

तिसरं कारण जागेचं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह काही काळ थांबवता येतो. पाठीला असा पट्टा बांधणार कुठे?

२. गुठळी बांधणारे आणि सोडणारे

औषध समजण्याआधी गुठळी समजली पाहिजे. बागबाजारच्या शंभरी ओलांडलेल्या सार्वजनिक दुर्गोत्सवाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. बांबू उभे राहतात, आडवे बांबू त्यांना दोरीने बांधले जातात, शेकडो गाठी पडतात आणि त्या सांगाड्यावर अख्खा मांडव तोलला जातो. दशमी झाली की कामगार येतात, एकेक गाठ हातात धरून सोडतात, आणि दोन-चार दिवसांत मैदान मोकळं होतं.

रक्तवाहिनी फुटली की शरीर असाच मांडव घालतं. आधी प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी फटीवर येऊन चिकटतात. मग रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे बनतात, त्यांना फायब्रिन म्हणतात. हे धागे म्हणजे बांबूंचा सांगाडा. प्लेटलेट आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात आणि गुठळी घट्ट होते.

जखम भरल्यावर ही गुठळी जायला हवी, नाहीतर वाहिनी कायमची बंद होईल. म्हणून तो सांगाडा सोडणारे कामगार शरीराने आधीच नेमलेले आहेत. त्यांचं नाव प्लाझ्मिन. ते सुप्त रूपात रक्तातच फिरत असतात आणि गुठळी बनताना तिच्या आतच अडकून बसतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतून इशारा आला की जागे होतात आणि फायब्रिनचे धागे तोडू लागतात.

एरवी हा इशारा सावकाश येतो. मोठ्या ऑपरेशनमध्ये मात्र तासन्‌तास ऊती कापल्या, खरवडल्या, ताणल्या जातात, त्यामुळे इशाऱ्यांची गर्दी होते. उत्सव चालू असतानाच कामगार मांडव सोडायला लागतात. एका बाजूला गुठळी बनते, दुसऱ्या बाजूला सुटते, आणि थांबलेला पाझर पुन्हा सुरू होतो.

३. औषधाची युक्ती

या औषधाचं नाव ट्रानेक्झॅमिक ॲसिड. बऱ्याच घरांना ते माहीत असतं, फक्त वेगळ्या कारणासाठी: पाळीत फार अंगावर जातं तेव्हा डॉक्टर ज्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, त्यांत बहुधा हेच असतं. ऑपरेशनमध्ये ते शिरेतून देतात.

फायब्रिनच्या धाग्यावर ठिकठिकाणी लायसिन नावाच्या अमिनो आम्लाची टोकं बाहेर आलेली असतात. प्लाझ्मिन त्या टोकांना धरतं, तेव्हाच त्याला धागा तोडता येतो. आपल्या मांडवात ही टोकं म्हणजे दोरीच्या गाठी. ट्रानेक्झॅमिक ॲसिडचा रेणू दिसायला हुबेहूब लायसिनसारखा आहे. तो लाखोंच्या संख्येने येतो आणि कामगारांच्या हातात खोट्या गाठी देऊन ठेवतो. हात भरलेले असल्यामुळे खऱ्या गाठींना ते हात लावू शकत नाहीत आणि मांडव टिकतो.

हे औषध रक्त घट्ट करत नाही आणि नवी गुठळी तयार करत नाही. झालेली गुठळी वेळेआधी सुटू नये, एवढंच ते पाहतं. पुढचे सगळे मुद्दे या एका गोष्टीवर उभे आहेत.

ही युक्ती सापडली जपानमध्ये. उताको आणि शोसुके ओकामोतो हे डॉक्टर दांपत्य युद्धानंतरच्या हलाखीत टोकियोत संशोधन करत होतं. प्रयोगशाळेत सामान नव्हतं, पैसा नव्हता. त्यांनी रक्ताचा विषय निवडला, त्यामागे एक साधा हिशेब होता: काहीच मिळालं नाही तर प्रयोगाला स्वतःचं रक्त काढता येईल. तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून उताको प्रयोगशाळेत काम करत. लायसिनसारखे दिसणारे पदार्थ ते एकामागून एक तपासत गेले. आधी एक उपयोगी रेणू सापडला, मग त्याच्याहून सत्तावीस पट प्रभावी असा दुसरा. तो ट्रानेक्झॅमिक ॲसिड म्हणून १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

बाळंतपणात अतिरक्तस्रावाने दगावणाऱ्या बायका वाचाव्यात, ही उताकोंची तळमळ होती. पण त्यासाठी चाचणी करायला स्थानिक प्रसूतितज्ज्ञ राजी झाले नाहीत. २०१६ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या. पुढच्याच वर्षी २१ देशांतल्या २०,०६० बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल आला: हे औषध वेळेत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात.

४. वेळ का महत्त्वाची?

सुटलेला मांडव हे औषध पुन्हा बांधत नाही, म्हणून ते गाठी सुटण्याआधी रक्तात पोचलं पाहिजे. हे सर्वांत स्पष्ट दिसलं अपघातग्रस्तांवरच्या 'क्रॅश-२' या चाचणीत. तिचा निकाल २०१० मध्ये आला. ४० देशांतले २०,२११ जखमी रुग्ण तिच्यात होते आणि भारतातली रुग्णालयंही सहभागी होती. औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १६ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण दर हजार जखमींमागे पंधरा माणसं वाचली. पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची छाननी झाली तेव्हा कळलं की जखम होऊन तीन तास उलटल्यावर दिलेलं औषध उपयोगी पडत नाही, उलट अपाय करू शकतं. नंतरच्या एकत्रित अभ्यासाने आणखी बारकावा सांगितला: त्या तीन तासांत दर पंधरा मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे दहा टक्क्यांनी घटतो.

अपघात सांगून होत नाही. ऑपरेशनची वेळ मात्र घड्याळात ठरलेली असते. म्हणून मणक्याच्या ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ पहिला छेद घेण्याआधीच औषध देतात, म्हणजे चाकू लागतो तेव्हा रक्तात ते पुरेसं असतं. दोन-तीन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, कारण मूत्रपिंडं ते बाहेर टाकत राहतात. त्यामुळे लांबणाऱ्या ऑपरेशनमध्ये पंपातून थोडं थोडं चालू ठेवतात.

एक नमुना घ्या. रुग्णाचं वजन ६० किलो. सुरुवातीचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम धरला तर ९०० मिलिग्रॅम. औषधाच्या ५ मिलिलिटरच्या कुपीत ५०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे जेमतेम दोन कुप्या. त्या सलाईनमध्ये मिसळून पंधरा-वीस मिनिटांत सोडतात. घाईने ढकललं तर रक्तदाब उतरू शकतो. पुढे तासाला किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे चार तासांच्या ऑपरेशनला आणखी २४० मिलिग्रॅम. काही तज्ज्ञ याच्या दुप्पट किंवा जास्तही देतात. नेमका डोस रुग्ण आणि ऑपरेशन पाहून भूलतज्ज्ञच ठरवतात.

५. वाचलेल्या रक्ताचा हिशेब

ऑपरेशनमधल्या वापरावरच्या चाचण्यांचा मोठा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२९ चाचण्या आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण होते. या औषधामुळे रक्त चढवावं लागण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाली होती. मणक्याच्या ऑपरेशनांचे वेगळे अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात. ऑपरेशन जितकं मोठं, तितकी बचत ठळक.

आता हा फरक एका माणसाच्या बाबतीत पाहू. किलोमागे ७० मिलिलिटर धरलं तर ६० किलोच्या माणसात ४,२०० मिलिलिटर रक्त असतं. ऑपरेशनमध्ये १,२०० मिलिलिटर जाणार होतं, औषधाने ते ८४० वर आलं असं समजा. गेलेल्या रक्ताची जागा सलाईनने भरली, असा सोपा हिशेब करू.

रुग्णाचं हिमोग्लोबिन आधी १२ असेल तर औषधाविना ते सुमारे ८.६ वर येईल, औषधासह ९.६ वर. दोन्ही वेळा बहुधा रक्त चढवावं लागणार नाही. पण सुरुवातीलाच ते ९.५ असेल तर? औषधाविना ६.८, औषधासह ७.६. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं की रक्त चढवायचं, असा साधारण दंडक आहे. हृदयरोग असेल तर तो आणखी वर धरतात. म्हणजे दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत पिशवी मागवायची की नाही, हे या ३६० मिलिलिटरवर ठरतं.

आपल्याकडे असा दुसरा रुग्ण जागोजाग भेटतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी पश्चिम बंगालमध्ये सुमारे ७१ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणून ऑपरेशन महिना-दोन महिने लांब असेल तर आधी तपासणी करून लोह देणं आणि हिमोग्लोबिन ९.५ चं ११ करणं, हा औषधाइतकाच मोलाचा उपाय आहे. दोन्ही एकत्र आले तर फायदा दुणावतो.

रक्तपेढी शहरात असते, पाठीचं दुखणं गावोगाव असतं. गडचिरोलीच्या शोधग्राममधल्या 'सर्च' या संस्थेच्या रुग्णालयात मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रिया शिबिरं घेत आले आहेत. जिल्हा जंगलाचा, अंतरं लांबची, त्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच, म्हणजे रक्ताची मागणी आधीच मोठी. अशा ठिकाणी एका माणसाच्या अंगात राहिलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येते.

६. मग कुठेतरी नको ती गुठळी होणार नाही का?

ही शंका रास्त आहे. गुठळी सोडणाऱ्या कामगारांचे हात बांधले, तर पायाच्या किंवा फुप्फुसाच्या शिरेत गुठळी धरली तर ती कोण सोडवणार?

याआधी एकदा हात पोळलेले आहेत. ॲप्रोटिनिन नावाचं दुसरं औषध हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त वाचवायला सर्रास वापरलं जाई. त्याने मृत्यूंचा धोका वाढत असल्याचं दिसू लागलं आणि २००७ मध्ये कंपनीने त्याची विक्री जगभर थांबवली. रक्त वाचवलं म्हणजे माणूस वाचला, असं परस्पर गृहीत धरता येत नाही.

ट्रानेक्झॅमिक ॲसिडची ही परीक्षा २०२२ मध्ये 'पॉइझ-३' या चाचणीत झाली. हृदय सोडून इतर ऑपरेशनांचे ९,५३५ रुग्ण तिच्यात होते. गंभीर रक्तस्राव औषध मिळालेल्यांत ९.१ टक्के, न मिळालेल्यांत ११.७ टक्के. हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या यांसारख्या घटना १४.२ आणि १३.९ टक्के, म्हणजे जवळपास सारख्याच. तरी धोका मुळीच वाढत नाही असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्या चाचणीतून मिळाला नाही, हेही संशोधकांनी स्पष्ट नोंदवलं.

म्हणून नुकतीच पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, फिट्स येत असतील किंवा मूत्रपिंडं अशक्त असतील, तर डॉक्टर विचार करून डोस कमी करतात किंवा औषध टाळतात. एकाच ठिकाणी फायदा झाला म्हणून ते सगळीकडे चालतं असंही नाही. पोटात आणि आतड्यांत रक्तस्राव होणाऱ्या १२,००० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०२० मध्ये, त्याचा उपयोग दिसला नाही.

७. शिरेत औषध, मज्जारज्जूजवळ विष

मणक्याच्या बाबतीत एक खबरदारी सगळ्यांत मोठी. मज्जारज्जू एका पिशवीत असतो आणि तिच्यात पाण्यासारखा द्रव असतो. ट्रानेक्झॅमिक ॲसिड चुकून त्या द्रवात गेलं तर मज्जातंतूंना शांत ठेवणारी यंत्रणा बंद पडते. आधी पाठीत आणि पायांत असह्य वेदना, मग झटके, आणि अनेकदा मृत्यू.

ही चूक जगात अनेक ठिकाणी झाली आहे, आणि तिचं कारण अगदी क्षुल्लक दिसणारं आहे. पाठीत टोचून कमरेखाली भूल देण्याच्या औषधाची कुपी आणि या औषधाची कुपी कधी कधी सारखीच दिसते. शेजारी ठेवली आणि घाईत उचलली की अनर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर खास इशारा दिला: दोन्ही कुप्या वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि टोचण्याआधी लेबल वाचा. काही सर्जन हे औषध जखमेवरही लावतात. मज्जारज्जूची पिशवी फाटलेली असेल तेव्हा तो मोह टाळायलाच हवा. जे औषध हातातल्या शिरेतून रक्त वाचवतं, तेच मज्जारज्जूच्या द्रवात, भलत्या जागी गेलं तर जीव घेतं. म्हणून ते स्वस्त असलं तरी हलगर्जीपणा करून चालणार नाही.

८. ऑपरेशनआधी काय विचारावं?

भूलतज्ज्ञ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भेटतात. ती भेट सही करण्यापुरती ठेवू नका. पुढचे प्रश्न विचारा.

माझं हिमोग्लोबिन किती आहे, आणि कमी असेल तर ऑपरेशन पुढे ढकलून ते वाढवता येईल का?

या ऑपरेशनमध्ये साधारण किती रक्त जातं?

मला ट्रानेक्झॅमिक ॲसिड देणार आहात का, आणि छेद घेण्याआधी देणार ना?

मी घेतो त्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या? (स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारा.)

आणि हे न विसरता सांगा: पूर्वी पायात गुठळी झाली होती का, फिट आली होती का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का.

एवढं बोलायला दहा मिनिटंही लागत नाहीत. रक्तदात्याचे उपकार मोठे आहेत आणि रक्तपेढ्या भरलेल्या असल्याच पाहिजेत. पण दुसऱ्याचं रक्त कितीही तपासलेलं असलं तरी ते परकं असतं, ॲलर्जीचा, चुकीच्या गटाचा थोडा धोका त्यात राहतोच. स्वतःच्या अंगातलं, वाहून न गेलेलं रक्त हे सगळ्यांत सुरक्षित. ते राखण्यासाठी लागतात दोन-तीन कुप्या, योग्य वेळ आणि कुपीवरचं लेबल वाचणारा माणूस. आर. जी. करसारख्या मोठ्या शहरी रुग्णालयात असो की जंगलातल्या शिबिरात, मणक्याच्या मोठ्या ऑपरेशनला निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत हा विचार झालाच पाहिजे. तो झाला की नाही, हे विचारण्याचा हक्क रुग्णाचा आहे.